उलट बांधलेली सात पुस्तके

वाचनालयाचे कार्यक्रम माझ्याकडे आले ते दुसऱ्या कोणाला नको होते म्हणून. अमरावतीच्या आमच्या दैनिकात तेव्हा तीन बातमीदार होते. एकाकडे कोर्ट आणि कचेरी, दुसऱ्याकडे कापसाचा बाजार आणि नगरपालिका. उरले ते माझे: शाळांची संमेलने, कुस्त्या आणि वाचनालय. पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-बारा वर्षे मी त्या वाचनालयाच्या दिवाणखान्यात जितका बसलो तितका स्वतःच्या घरी बसलो नसेन.

हिवाळ्यात व्याख्यानमाला असे. वक्ते पुण्याहून, नागपूरहून येत, बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरत आणि कोणा सभासदाच्या घरी जेवत. व्याख्यान सहाला सुरू होई आणि आमचे पान सातला बंद होई. त्यामुळे पद्धत अशी पडली होती की मी दुपारीच वक्त्याला गाठायचे, मुद्दे विचारून घ्यायचे आणि बातमी लिहून ठेवायची. 'वक्ते पुढे म्हणाले' हे वक्ता बोलण्याआधी लिहिलेले असे. शेवटच्या ओळीत टाळ्या असत, त्याही आधीच पडलेल्या. संध्याकाळी मी शेवटच्या रांगेत बसून फक्त पडताळा घेत असे. इतक्या वर्षांत एकदाही खुलासा छापावा लागला नाही. वक्ते विश्वासू होते. जे दुपारी सांगत तेच संध्याकाळी बोलत.

कार्यशाळा हा प्रकार नंतर आला. महाराष्ट्र राज्य झाल्याला एक-दोन वर्षे झाली असतील. वाचनालयाचे सचिव वकील होते, खटपटे होते, आणि पुस्तकांच्या अवस्थेने वैतागले होते. वऱ्हाडात पुस्तक वाचले जाते म्हणजे ते सोबत राहते. ते शेतावर जाते, बसमध्ये जाते, स्वयंपाकघरात चुलीपाशी जाते. परत येते तेव्हा त्यात हळदीची बोटे असतात, खुणेला सरकी नाहीतर बसचे तिकीट असते आणि कणा मोडलेला असतो. कपाटांच्या मागे अशा मोडक्या पुस्तकांचा ढीग छातीपर्यंत आला होता आणि तो दरवर्षी रद्दीत जात असे. सचिवांनी ठरवले की तालुक्यांतल्या वाचन-खोल्या चालवणाऱ्या लोकांना उन्हाळ्यात बोलवायचे, दोन आठवडे पुस्तक बांधणी शिकवायची आणि शेवटी प्रदर्शन भरवायचे.

शिकवायला नागपुरी गेटजवळचे एक जिल्दसाज, म्हणजे पुस्तके बांधणारे, आणले. वय साठीच्या आसपास. कोर्टाची दप्तरे, शाळांचे हजेरीपट, कुराण आणि पोथ्या, सगळे त्यांच्या दाबायच्या शिकंजातून गेलेले. त्यांना सगळे चाचा म्हणत, वकीलसाहेबसुद्धा. ते मराठी वऱ्हाडी ढंगाने बोलत आणि मधे उर्दू आले तर ते आले हे त्यांना कळतही नसे.

शिकायला आठ जण आले. त्यांतल्या दोघांबद्दल सांगणे भाग आहे. एक परतवाड्याचे गुरुजी, मोठ्या आवाजाचे, पिठाच्या खळीत कोपरापर्यंत हात बुडवणारे. दुसऱ्या भातकुलीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या शिक्षिका. पंचविशीच्या असतील. त्यांना सगळे बाई म्हणत. अमरावतीत मावशीकडे उतरल्या होत्या आणि रोज सगळ्यांच्या आधी येऊन दाराशी उभ्या असत.

कार्यशाळेला एक बक्षीस होते आणि खरे तर त्याच्यासाठीच लोक आले होते. वाचनालयाने एक फिरती पेटी केली होती. लोखंडी पट्ट्यांची लाकडी पेटी, आत निवडक शंभर पुस्तके. ती एका गावाला वर्षभरासाठी मिळायची. ज्याची पंधरा पुस्तके प्रदर्शनाच्या टेबलावर पुरी बांधून, निर्दोष लागतील त्याच्या गावाला पेटी. दोघांची लागली तर समितीने पाहून ठरवायचे.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना विचारत फिरलो की तुम्ही का आलात. बातमीला दोन ओळी हव्या होत्या. बाईंनी सांगितले की त्यांच्या वस्तीने धम्मदीक्षेनंतर विहाराशेजारी एक खोली बांधली आहे. खोलीत दोन बाके आहेत, कंदील आहे, पुस्तक एकही नाही. गावात पंचायतीचे पुस्तकांचे कपाट आहे. त्याची किल्ली पाटलांच्या घरी असते आणि वस्तीतले कोणी मागायला गेले की ती सापडत नाही. हे त्यांनी एखाद्याला पत्ता सांगावा तसे सांगितले. मी लिहून घेतो आहे हे पाहून एवढेच पुढे जोडले:

"मले पेटी पायजे. बाकी काही लिहू नका."

त्याच दिवशी त्यांनी सचिवांना विचारले की पेटी मिळाली तर ती पंचायतीच्या कपाटात ठेवावी लागेल की त्यांच्या खोलीत ठेवता येईल. सचिव म्हणाले, ज्याला मिळेल त्याच्या ताब्यात. बाईंनी ते लिहून मागितले. वकिलाकडे लेखी मागणे म्हणजे काय याची त्यांना कल्पना नसावी, किंवा असावी. सचिवांनी हसत एका चिठ्ठीवर लिहून दिले. बाईंनी चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली.

मे महिना होता. दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारले जाई, तरी दुपारी पुठ्ठा हातात वाकत असे. वऱ्हाडच्या उन्हात खळ बाहेरून लवकर वाळते आणि आत ओली राहते. अशा वेळी पुठ्ठा चढवून पुस्तक तसेच सोडले तर आठवड्याने ते होडीसारखे वर येते. म्हणून चाचांचा एकच नियम होता: पुठ्ठा चढवला की पुस्तक रात्रभर शिकंजात. लाकडाच्या दोन फळ्या, दोन मोठे मळसूत्री खिळे, त्यात पुस्तके दाबून ठेवायची. गुरुजींना तेवढा धीर नव्हता. त्यांचे पहिले पुस्तक पाहून चाचांनी ते उजेडात धरले, फिरवले आणि म्हणाले, "गुरुजी, हे जिल्द नाई, हा पापड हाये. तळाले घ्या." गुरुजी सगळ्यांत मोठ्याने हसले आणि दुसरेही पुस्तक तसेच केले.

बाईंची गोष्ट वेगळी होती. त्या बोलत नसत. फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, एकावर एक नीट लावत, दाभणाने घडीत भोके पाडत आणि दोरा असा ओढत की कागद फाटत नसे आणि सैलही राहत नसे. चाचा शिकवताना तोंडाने थोडेच सांगत. सगळ्यांना म्हणत की माझे हात पाहा. बाई हातच पाहत. नवव्या दिवशी त्यांची आठ पुस्तके पुरी झाली होती. बाकी कोणाची पाचाच्या वर नव्हती.

वाचनालयात उर्दूचे एक छोटे कपाट होते. त्यातली बरीच पुस्तके एका उर्दू शाळेच्या दिवंगत हेडमास्तरांची. त्यांच्या पत्नीने ती वाचनालयाला दिली होती. अट एकच की ती कपाटात बंद न राहता वाचली जावीत. त्यांतली सात खिळखिळी होऊन सुटली होती. चाचांनी ती उसवून फर्मे वेगळे केले, शिकणाऱ्यांना उर्दू आकडे येत नाहीत म्हणून प्रत्येक फर्म्याच्या घडीवर शिसपेन्सिलीने मराठी आकड्यांत एक, दोन, तीन असे क्रम टाकले आणि फडक्यात बांधून ठेवले. ही आपण शेवटी मिळून करू, असे ते म्हणाले होते. मग पुतण्याच्या लग्नासाठी दोन दिवस अकोल्याला गेले.

ते तिकडे असताना सचिवांना कळले की हेडमास्तरांच्या पत्नी प्रदर्शनाला येणार आहेत. त्यांची पुस्तके टेबलावर नसणे बरे दिसले नसते. सचिवांनी फडके सोडले आणि सातही पुस्तके बाईंपुढे ठेवली. आठ झालेली होतीच. ही सात म्हणजे पंधरा. बाई म्हणाल्या, चाचा तर येऊन करू म्हणाले होते. सचिव म्हणाले की क्रम टाकलेला आहे, पानाचे डोके-पाय कळतात, आणखी काय पाहिजे.

बाईंनी दोन दिवसांत सातही बांधली. फर्मा क्रमांक एक वर, त्याखाली दोन, त्याखाली तीन. घडीची बाजू डाव्या हाताला. आपण प्रत्येक पुस्तक असेच धरतो. कण्याला गोलाई आली होती. वरच्या टोकाला लाल दोऱ्याची गुंडाळी होती. चाचांनी उर्दूत लिहून ठेवलेली नावाची चिठ्ठी त्यांनी वरच्या पुठ्ठ्यावर मधोमध चिकटवली आणि पुस्तके शिकंजात घातली. मी ती पाहिली. टेबलावरची सगळ्यांत देखणी पुस्तके तीच होती. त्या संध्याकाळी मी प्रदर्शनाची बातमी लिहून टाकली. तिच्यात एक वाक्य असे होते की सर्व प्रशिक्षणार्थींनी केलेली बांधणी निर्दोष आहे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी चाचा अकोल्याहून थेट वाचनालयात आले. हातात लग्नाच्या मिठाईचा पुडा होता. तो त्यांनी गुरुजींकडे दिला आणि शिकंजातून काढलेले एक पुस्तक उचलले. त्यांचा हात आपोआप पुस्तकाच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिथे चिठ्ठी नव्हती. त्यांनी पुस्तक उघडले, पाने उलटली, थांबले, परत उलटली. मग दुसरे घेतले. मग तिसरे. मग ते खाली बसले.

उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते. त्याचा कणा उजव्या हाताला असतो. आठ जणांपैकी कोणाला हे माहीत नव्हते असे नाही; प्रत्येकाने कुठे ना कुठे उर्दू वाचणारा माणूस पाहिलेला होता. पण दाभण हातात असताना हात वाचत नाहीत. बाईंनी आयुष्यभर जे केले तेच केले होते: कणा डावीकडे, एक नंबर वर. त्यामुळे प्रत्येक फर्म्याच्या आतली सोळा पाने बरोबर होती, पण फर्मे शेवटून सुरुवातीकडे लागले होते.

चाचांनी आवाज न चढवता बाईंना जवळ बोलावले.

"बाई, हात अव्वल हाये तुमचा. पन किताब उलट्या पायानं चालून राहिली."

बाईंनी दाखवा म्हटले. चाचांनी एका फर्म्याची शेवटची ओळ आणि त्यापुढच्या पानाची पहिली ओळ वाचून मराठीत सांगितली. शेवटच्या ओळीत एक प्रवासी विहिरीपाशी पाणी मागत होता. पुढच्या पानावर कोणाचा तरी निकाह लागत होता. गुरुजी हसणार होते. बाईंकडे पाहून हसले नाहीत.

"चूक माही हाये," चाचा म्हणाले. "नंबर म्या टाकले. बाजू नाई सांगतली."

"सुई माह्या हातात होती," बाई म्हणाल्या.

सचिव आले, त्यांना कळले, आणि त्यांनी वकिलासारखा विचार केला. पुस्तके काचेच्या कपाटात ठेवायची होती. काचेतून बांधणी दिसते, मजकूर नाही. समितीच्या पाचांपैकी कोणाला उर्दू येत नव्हते. प्रदर्शन झाले की चाचांनी सावकाश दुरुस्त करावीत. आज उसवली तर उद्या चारपर्यंत ती पुरी होणार नाहीत, पंधरा भरणार नाहीत, आणि नियमाने पेटीचा विचार करता येणार नाही. हे त्यांनी बाईंच्या भल्यासाठीच सांगितले. सचिवांना पेटी बाईंनाच द्यायची होती. हे ते उघड बोलले नसले तरी आम्हा सगळ्यांना दिसत होते.

बाईंनी विचारले, "सायब, हेडमास्तरच्या बाईनं हातात मागतलं त?"

सचिव म्हणाले, कशाला मागतील.

"काहून नाई मागनार? तिच्या घरचं हाये."

मग चाचांनी तोड काढली. सातही पुस्तके ते घरी नेतील, दोन्ही मुलांना बसवतील आणि सकाळी परत आणतील. कोणाला कळायचे कारण नाही.  आपण काय सोडून देतो आहोत याची बेरीज बाई करत असाव्यात, पण चेहऱ्यावरून काही कळले नाही.

"मंग ते माहे पंधरा नाई होनार," त्या म्हणाल्या, आणि चाचांच्या हत्यारांच्या पेटीतले पाते उचलून पहिल्या पुस्तकाचे अस्तर कापले.

बांधण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो. नव्या पुस्तकाचा दोरा ओढून निघत नाही. प्रत्येक फर्म्याच्या मधोमध घडी उघडून एकेक टाका कापावा लागतो. कण्यावरची खळ ओल्या फडक्याने भिजवून, कागद न सोलता खरवडावी लागते. चाचा शेजारी बसून राहिले, हात लावला नाही. फक्त पहिल्या पुस्तकाचे फर्मे पुन्हा लावताना त्यांनी बाईंचा उजवा हात धरून कण्याच्या बाजूला ठेवला. त्यानंतर ते पुन्हा सांगावे लागले नाही. बाई मात्र प्रत्येक पुस्तकाला फर्मे हातात घेतले की क्षणभर थांबत. डावा हात सवयीने पुढे येई, त्या तो मागे घेत.

दुपारी मी त्यांना विचारले की बातमीत एक वाक्य आहे, त्याचे काय करू. मी वाक्य वाचून दाखवले. त्यांनी मान वर केली नाही.

"जे झालं थे लिहा."

मी ते वाक्य खोडले. त्याजागी लिहिले की उर्दू विभागातील सात पुस्तके प्रथम उलट क्रमाने बांधली गेली होती. ती उसवून पुन्हा बांधण्यात येत आहेत. सचिवांना हे आवडले नाही. ते म्हणाले, वाचनालयाची चूक वाचनालयाच्याच प्रदर्शनाच्या बातमीत कोणी छापते का. संपादकांनी मात्र बातमी वाचली, 'येत आहेत'खाली रेघ मारली आणि विचारले, "उद्या चारला झालेली असतील?" मी म्हटले, माहीत नाही. त्यांनी बातमी तशीच सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सातही पुस्तके शिवून झाली होती. पुठ्ठे तयार होते. चढवायला तास पुरला असता. गुरुजींनी तेच सुचवले: चिकटवा, कोण वाकवून पाहणार आहे, संध्याकाळपर्यंत टिकले की झाले. बाईंनी चाचांकडे पाहिले. चाचांनी शिकंजाकडे पाहिले. शिकंजाला रात्र पाहिजे होती आणि रात्र उरली नव्हती. बाईंनी पुठ्ठे पुस्तकांशेजारी रचून ठेवले.

चारला प्रदर्शन उघडले. पहिल्या टेबलावर पुस्तकांत सापडलेल्या वस्तू होत्या: सरकी, बसची तिकिटे, एक जन्मपत्रिका, डॉक्टरची चिठ्ठी, बांगडीचा तुकडा. गर्दी तिथेच जास्त झाली. आपली वस्तू दिसते का ते लोक पाहत होते. पुढच्या टेबलांवर आठ जणांचे काम. बाईंच्या नावापुढे आठ पुस्तके बांधलेली आणि सात नुसती शिवलेली, पांढऱ्या दोऱ्यांचे कणे उघडे. ती काचेत ठेवायची नाहीत एवढे बाईंनी सचिवांना सांगितले होते.

हेडमास्तरांच्या पत्नी भाच्याबरोबर आल्या. बुरख्याची जाळी वर करून टेबलांवरून सावकाश फिरल्या. सात पुस्तकांपाशी थांबल्या. चाचांनी त्यांना सांगितले की जिल्द अजून चढायची आहे. त्यांनी एक पुस्तक उचलले, उजवीकडून उघडले. पहिल्या पानावर हेडमास्तरांनी पुस्तक घेतले त्या दिवशी केलेली सही होती, खाली गावाचे नाव. आधीच्या उलट बांधणीत हे पान पुस्तकाच्या शेवटच्या सोळा पानांत दडलेले होते. त्यांनी सहीवर बोट ठेवले, पान उलटले, पुढची चार-पाच पाने चाळली आणि पुस्तक जागेवर ठेवले. मग भाच्याला म्हणाल्या, "सब अपनी जगह पर है." दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. हे सगळे एका मिनिटाचे होते.

पाचला समितीने निर्णय सांगितला. परतवाड्याच्या गुरुजींनी शेवटच्या दिवसांत शिकंजाची वाट न पाहता झपाटा लावला होता; त्यांची पंधरा पुस्तके टेबलावर होती. पुठ्ठे किंचित वर आले होते, पण समितीने तेवढे चालवून घेतले; पंधरा पंधराच होती. पेटी परतवाड्याला गेली. सचिवांनी बाईंच्या मेहनतीचा उल्लेख केला आणि नियमाचाही. गुरुजींनी पेटी घेतली तेव्हा ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

मी पाहत होतो की बाई निघतात का. त्या निघाल्या नाहीत. लोक पांगायला लागले तशा त्या सचिवांजवळ गेल्या आणि कपाटांमागच्या ढिगाबद्दल विचारले. तो ढीग कधी रद्दीत जाणार आहे. सचिव म्हणाले, पुढच्या महिन्यात.

"मले द्या."

सचिवांना वाटले त्यांना एक-दोन पुस्तके हवी आहेत. बाईंनी सांगितले की ढीग हवा आहे, अख्खा. सचिव म्हणाले की त्यातले एकही पुस्तक धड नाही, अर्ध्यांना कणा नाही, ती नेऊन काय करणार.

"तुमीच शिकवलं न सायब आमाले. दोन आठवडे."

सचिव हसले नाहीत. त्यांनी नियम काढला: बाद पुस्तके रद्दीतच जावीत असा ठराव आहे, तो बदलायला समितीची सभा लागते, सभा पुढच्या महिन्यात. बाईंनी दिवाणखान्यात नजर फिरवली आणि म्हणाल्या की पाचही जण तर इथेच उभे आहेत. खरेच होते. एक जण सरकी पाहत होता, दोघे चहा घेत होते. सचिवांनी त्यांना हाक मारली. ठराव प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहिला गेला आणि उभ्या-उभ्या पाच सह्या झाल्या. बाईंनी आपल्यासाठी त्याची नक्कल मागितली आणि पिशवीतल्या पहिल्या चिठ्ठीशेजारी ठेवली.

सात उर्दू पुस्तकांचे पुठ्ठे चढवून, ती रात्रभर शिकंजात ठेवून आणि सकाळी स्वतः कपाटात लावूनच त्या गेल्या. ढीग तीन पोत्यांत बसला. भातकुलीच्या बसच्या टपावर पोती चढवायला गुरुजी आले होते. त्यांची परतवाड्याची बस अजून लागायची होती आणि पेटी त्यांनी स्टँडवर एका ओळखीच्याकडे ठेवली होती. दोरी आवळून ते खाली उतरले, हात झटकले.

"बाई, पेटी एका सालात वापस जाईन आमची. तुमचं पोतं काही वापस येनार नाई."

"नाईच येनार," बाई म्हणाल्या.

दिवाळीनंतर मला त्यांचे पोस्टकार्ड आले. खोलीत पहिले व्याख्यान आहे, यावे. वक्ते: चाचा. विषय: खळ कशी करावी. सोबत लिहिले होते की पोत्यांतली चाळीस पुस्तके बांधून झाली, बाकीची सुरू आहेत, आणि पंचायतीच्या कपाटाची किल्ली अजूनही सापडत नाही, पण आता तिकडून लोक आमच्याकडे पुस्तक मागायला येतात.

ठरलेल्या दिवशी दुपारी मी सवयीप्रमाणे चाचांना गाठले आणि मुद्दे विचारले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मुद्दे कायचे? आटा, पानी, मोरचूद. बाकी तिथं जाऊन पाहू." त्यामुळे बातमी आधी लिहिता आली नाही. आम्ही दोघे बसने गेलो.

खोली भरली होती. बायका पुढे, पुरुष मागे, काही दाराबाहेर. भिंतीशी फळ्या टाकून त्यांवर पुस्तके उभी होती. मी एक काढून उघडले आणि हात सवयीने पानांचे क्रम तपासू लागला. बाई पाहत होत्या. "तपासा," त्या म्हणाल्या. क्रम बरोबर होता. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर शिसपेन्सिलीचा आकडा होता आणि आकड्याशेजारी एक लहान बाण. कणा कोणत्या हाताला हे दाखवणारा. ही खोलीतली सगळी पुस्तके मराठी होती, बाणाची गरज नव्हती. तरी एकही फर्मा बाणाशिवाय नव्हता.

चाचा भाषणासाठी उभे राहिले, दोन वाक्ये बोलले आणि थांबले. मग त्यांनी चूल मागितली. पीठ कालवायला सुरुवातीला थंड पाणीच का घ्यायचे, गुठळी झाली तर काय, मोरचूद किती घालायचा म्हणजे कसर लागत नाही आणि तो घातल्यावर बोट तोंडात का घालायचे नाही, हे त्यांनी करून दाखवले. खळ झाल्यावर बाईंनी न बांधलेल्या पुस्तकांचे फर्मे वाटले. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने आपल्याला वाचता येत नाही असे सांगितले. चाचा म्हणाले, "मलेबी तुमची किताब नाई वाचता येत, दादा. तीस वरसं बांधून राहिलो." म्हाताऱ्याने फर्मा घेतला.

परतीची बस पाचची होती. मी निघायला उठलो तेव्हा बाईंनी अर्धे शिवलेले पुस्तक माझ्या हातात दिले आणि घट्ट धरायला सांगितले, दोन टाके राहिले आहेत. दोनाचे पुष्कळ झाले. बस गेली. पुढची यायला दीड तास होता आणि ती अमरावतीला पोचेपर्यंत आमचे पान बंद झाले असते.

बातमी एक दिवस उशिरा गेली. संपादकांनी तिच्यात काही बदलले नाही. फक्त शेवटी टाळ्या नाहीत हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी विचारले. मी सांगितले की टाळ्या झाल्या नाहीत. सगळ्यांचे हात खळीत होते.